सिंक चालू आहे म्हणजे बॅकअप झाला, असं नसतं हो

"माझं सगळं गूगलवर आहे, काही जात नाही" असं बिनधास्त सांगणारा एकतरी माणूस प्रत्येक घरात असतोच, आणि नीट विचारलं तर कळतं की त्याच्या फोनवर फक्त सिंक चालू आहे. बॅकअपचा पत्ताच नाही. गोंधळ होणं साहजिक आहे म्हणा, फोनवर दोन्हीत फाईल क्लाउडवर, म्हणजे नेटवरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते, दोन्हीला नेट लागतं, दोन्हीत ते गोल फिरणारं चिन्ह दिसतं. पण काम वेगळं आहे. सिंक म्हणजे आत्ता जे आहे ते सगळ्या डिव्हाइसवर सारखं ठेवायचं, फोनमध्ये नंबर सेव्ह केला की लॅपटॉपवर दिसणार आणि फोनमधून उडवला की लॅपटॉपवरूनही उडणार. म्हणजे तुमची चूक पण सिंक होते, आणि तीही काही सेकंदांत! बॅकअप म्हणजे सातबाऱ्याची झेरॉक्स काढून कपाटात ठेवल्यासारखं, नंतर मूळ कागदावर चहा सांडला तरी झेरॉक्सवर डाग पडत नाही.

सगळ्यात जास्त घोळ गूगल फोटोजमध्ये होतो. तिथे सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं 'बॅकअप', पण त्याच ॲपमधून फोटो डिलीट केला की तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही, म्हणजे वागणं सिंकसारखं. फोनच्या दुसऱ्या गॅलरीतून डिलीट केला तर मात्र क्लाउडवरचा बऱ्याचदा तसाच राहतो, त्यामुळे दोन माणसं दोन वेगळे अनुभव सांगतात आणि दोघंही खरं बोलत असतात. आता यात भर म्हणजे ते 'फ्री अप स्पेस'चं बटण. फोन भरला, बटण दाबलं, क्लाउडवर पोचलेले फोटो फोनमधून गेले, जागा झाली, सगळे खूश. पण आता कॉपी एकच उरली ना, क्लाउडवरची! मग वर्षभराने मेसेज येतो की तुमची गूगलची फुकटातली १५ जीबी जागा भरली (१ जून २०२१ पासून नवीन फोटो त्या १५ जीबीतच मोजतात, जीमेल आणि ड्राइव्हसकट, आणि जागा संपली तर मेल यायचेही बंद होतात), मग माणूस घाबरून क्लाउडवरचे जुने फोटो धडाधड डिलीट करत सुटतो कारण त्याला वाटतं फोनमध्ये आहेतच की. नसतात. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात तेवढंच नशीब, पण लग्नाचे फोटो कोण दर दोन महिन्यांनी उघडून बघतं?

आयफोनवाल्यांनी हसू नये, आयक्लाउड फोटोजचंही तेच आहे, एका डिव्हाइसवरून उडवलं की सगळीकडून जातं आणि 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये साधारण ३० दिवस राहतं.

कॉम्प्युटरवर हीच गंमत वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं क्लाउड, करतं. नवीन विंडोज लॅपटॉप सुरू करताना आपण नेक्स्ट नेक्स्ट दाबत जातो आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हला जोडले जातात, फुकट जागा ५ जीबी. मग डेस्कटॉपवरची फाईल डिलीट केली की क्लाउडवरूनही जाते. आणि रॅन्समवेअर (फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आलं, फाईली लॉक झाल्या, तर त्या लॉक झालेल्या फाईलीच प्रामाणिकपणे वर सिंक होतात. जुनी व्हर्जन असतात म्हणून बरेचदा वाचतो, गूगल ड्राइव्हवर पीडीएफ, वर्डसारख्या फाईलींची जुनी व्हर्जन ३० दिवस किंवा १०० व्हर्जनपर्यंत टिकतात, पण तोपर्यंत लक्षात आलं पाहिजे.

मग सिंक वाईट का? अजिबात नाही. फोन लोकलमध्ये चोरीला गेला, पाण्यात पडला, तर सिंकच वाचवतं, नव्या फोनमध्ये लॉगिन केलं की नंबर हजर. आणि कॉन्टॅक्ट्समध्ये तर एक भारी सोय आहे जी फार कमी लोकांना माहीत असते, कॉम्प्युटरवर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडून सेटिंगमध्ये 'अनडू चेंजेस' केलं की मागच्या ३० दिवसांतल्या कुठल्याही वेळेची यादी परत आणता येते. पोरानं खेळताना अर्धे नंबर उडवले तर हे करायचं.

व्हॉट्सॅपमध्ये दोन्ही आहे. व्हॉट्सॅप वेब म्हणजे सिंक, चॅट बॅकअप म्हणजे बॅकअप. पण गूगल ड्राइव्हवर शेवटचाच बॅकअप राहतो, नवीन आला की जुना गेला, आणि अँड्रॉइडवर २०२४ पासून तोही गूगलच्या त्या १५ जीबीत मोजायला लागले. एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो कुठेतरी लिहून ठेवा, विसरलात तर व्हॉट्सॅपवालेही काढून देऊ शकत नाहीत.

आपलं नक्की काय चालू आहे हे ओळखायचं असेल तर एक फालतू फोटो काढा, वर जाऊ द्या, नेहमी जिथून डिलीट करता तिथूनच डिलीट करा आणि कॉम्प्युटरवर जाऊन बघा. तिथूनही गेला तर सिंक. मग खरा बॅकअप वेगळा करावाच लागेल, गूगल टेकआउटमधून सगळं डाउनलोड करून एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकायचं, विंडोजमध्ये फाईल हिस्टरी आणि मॅकमध्ये टाइम मशीन ही बॅकअपची सोय फुकटच असते, तीही एक्स्टर्नल डिस्कवर लावायची. आणि काम झालं की डिस्कची केबल काढून ठेवायची, कारण जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिच्यावरही जातं. पेनड्राइव्हवर फार भरवसा ठेवू नका, तो हरवतो तरी किंवा वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडून बिघडतो तरी.