पार्किंगसह फ्लॅट घेताना मुद्रांक शुल्क: कशावर लागते, कसे भरायचे

महाराष्ट्रात फ्लॅट घेताना सरकारला द्यावा लागणारा मोठा खर्च म्हणजे मुद्रांक शुल्क, म्हणजेच स्टॅम्प ड्युटी. वेगळे काही ठरले नसेल तर ते खरेदीदारानेच भरायचे असते. करारातला मोबदला आणि रेडी रेकनरनुसार (सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार) निघणारे बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम जास्त, तिच्यावर ते आकारले जाते. मुंबईत दर ६ टक्के, पुण्यात ७ टक्के. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये.

आता पार्किंग. छत असलेले पार्किंग विकत घेत असाल तर त्याची किंमत याच व्यवहाराचा भाग आहे. रेडी रेकनरच्या सूचनांप्रमाणे अशा पार्किंगचे मूल्य त्याच्या क्षेत्रफळावर, फ्लॅटच्या दराच्या २५ टक्के दराने धरतात. मुंबईतला फ्लॅट ८० लाखांचा, पार्किंग ५ लाखांचे आणि बाजारमूल्य यापेक्षा कमी असेल, तर शुल्क ८५ लाखांवर लागेल: ५,१०,००० रुपये. त्यात पार्किंगचा वाटा ३०,००० रुपयांचा.

हे ३०,००० वाचवायला ‘पार्किंगचे पैसे वेगळे द्या, आम्ही अलॉटमेंट लेटर देतो’ असे कुणी सुचवले तर ठाम नकार द्या. नोंदणीकृत करारात पार्किंगचा उल्लेखच नसेल तर उद्या सोसायटीत वाद झाल्यावर किंवा फ्लॅट विकताना तुमच्या हातात फक्त एक साधा कागद उरतो. पाच लाखांच्या हक्कासाठी तो फारच तोकडा आहे. करारात पार्किंगचा क्रमांक, मजला, लांबी-रुंदी आणि जागा लिहून घ्या, नकाशाही जोडा.

उघडे पार्किंग मात्र बिल्डरला विकताच येत नाही. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानुसार ती सामाईक जागा आहे आणि महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, २०२१ च्या परिपत्रकात हे पुन्हा स्पष्ट केले आहे. त्यासाठी पैसे मागितले तर प्रश्न शुल्काचा नसून मागणीच चुकीची आहे.

सवलत कोणाला? निवासी घर फक्त स्त्रीच्या, किंवा सगळ्या खरेदीदार स्त्रियाच असतील तर त्यांच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्काच्या दरात १ टक्का सूट मिळते, म्हणजे मुंबईत ६ ऐवजी ५ टक्के. पती-पत्नीच्या संयुक्त नावाला ती मिळत नाही. कर्जासाठी पतीचे नाव घालायचे का, हे मसुदा पक्का होण्याआधीच बँकेशी बोलून ठरवा.

टीडीएसमध्येही (पैसे देतानाच कापायच्या आयकरात) पार्किंग मोजले जाते, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. विक्रेता भारतातील निवासी असेल आणि व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर खरेदीदाराने १ टक्का कापून आयकर खात्यात भरायचा असतो. २०१९ पासून या रकमेत पार्किंग, क्लब, देखभाल यांचे शुल्कही धरले जाते. फ्लॅट ४८ लाख आणि पार्किंग ३ लाख, म्हणजे एकूण ५१ लाख. म्हणून ५१,००० रुपये कापावे लागतील. ज्या महिन्यात कापले तो संपल्यापासून ३० दिवसांत भरा.

कागदपत्रे अशी: कराराचा अंतिम मसुदा, दोन्ही पक्षांचे पॅन व आधार, दोन साक्षीदार आणि त्यांची ओळखपत्रे. जुना फ्लॅट असेल तर विक्रेत्याचा आधीचा नोंदणीकृत करार व त्याची सूची क्रमांक २ (इंडेक्स-२, म्हणजे नोंदणीचा सारांश), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि मालमत्ता कराची पावती पाहून घ्या. पार्किंग विक्रेत्याच्या नावे कसे आले, हे त्या जुन्या करारात किंवा सोसायटीच्या नोंदीत दिसले पाहिजे. नुसत्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

मुद्रांक शुल्क राज्य सरकारच्या ‘ग्रास’ प्रणालीवर ऑनलाइन किंवा बँकेतून ई-एसबीटीआरने (बँक छापून देते ती सुरक्षित पावती) भरता येते. सह्या होण्याआधी, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी ते भरलेले असावे. कमी भरल्यास फरकावर दरमहा २ टक्के दंड बसतो. मग नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर माहिती भरा, वेळ आरक्षित करा आणि दुय्यम निबंधक कार्यालयात सगळ्यांनी हजर राहा. तिथे फोटो व अंगठ्याचे ठसे घेतात. सह्यांपासून चार महिन्यांत दस्त सादर झाला पाहिजे. नंतर दंड भरून आणखी चार महिन्यांची मुभा आहे.

नोंदणी झाल्यावर सूची क्रमांक २ हातात घेऊन मिळकतीच्या वर्णनात पार्किंग आले आहे का ते तिथेच वाचा. राहून गेले असेल तर चूक-दुरुस्ती दस्त करता येतो, पण त्यासाठी विक्रेत्याची सही पुन्हा लागते.