यात्रेतला पैलवान आणि रिंगमधला रेसलर, दोघांचा धंदा एक नाही भो

यात्रांचा सीझन लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडे गावोगावी कुस्त्यांच्या दंगली सुरू होतात आणि कोणीतरी पोरगं विचारतंच, काय भो, हे पण डब्ल्यूडब्ल्यूईसारखं फिक्स असतं का? टीव्हीवालं वरचं टोक सोडा. खरी तुलना करायची तर अमेरिकेतल्या इंडी रेसलरशी करा, ज्याचा कुठल्या मोठ्या कंपनीशी करार नाही, जो शुक्रवारी एका गावात तर शनिवारी दुसऱ्या गावात, कुठल्यातरी शाळेच्या जिममध्ये नाहीतर छोट्या हॉलमध्ये मॅच करतो आणि तिघं-चौघं पेट्रोल वाटून एकाच गाडीत रात्रभर फिरतात. आपला पैलवान पण तसाच, आज चाळीसगावकडे, उद्या शिरपूर, परवा बॉर्डर ओलांडून बुऱ्हाणपूर. वरून बघितलं तर सेमच.

पण पैसा कसा मिळतो ते बघा. दंगलीत वजनकाटा नसतो, पंच आणि जाणती माणसं अंगकाठी बघून जोड लावतात, इनाम माईकवर पुकारतात, आणि पाठ मातीला टेकली की खेळ खलास. बरोबरीत सुटली तर इनाम वाटून. जिंकलेला पैलवान हलगीच्या तालावर आखाड्याला फेरी मारतो, लोकं दहा-वीस-शंभरच्या नोटा हातात देतात. म्हणजे सगळी कमाई जिंकण्यावर, आणि नाव पण. म्हणूनच नुरा कुस्ती लागली, म्हणजे दोघांनी आधीच ठरवून केली, की पब्लिक शिव्या घालतं आणि कमिटी पुढच्या वर्षी त्या पैलवानाला बोलवत नाही.

रिंगमध्ये उलटं आहे. तिथं कोण जिंकणार हे बुकर, म्हणजे मॅचेस आणि निकाल ठरवणारा माणूस, आधीच सांगतो आणि हरणाऱ्याचे पैसे त्यामुळे कापले जात नाहीत. ही आता लपवाछपवी पण राहिली नाही, 1989 मध्ये खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफनेच (डब्ल्यूडब्ल्यूईचं जुनं नाव) न्यू जर्सीच्या सिनेटपुढे आमचं हे मनोरंजन आहे असं मान्य केलं, कारण खेळ म्हटलं की सरकारी कमिशनचे नियम आणि टॅक्स मागे लागतात. नव्या पोराला कधी कधी पेट्रोलपुरतेच पैसे मिळतात, मग मॅच संपली की घामेजलेल्या अंगानं टेबल लावून स्वतःचे टीशर्ट आणि फोटो विकायचे, बऱ्याच जणांची खरी कमाई तीच. त्याच्यामुळे हरून हरून सुद्धा माणूस स्टार होऊ शकतो, फक्त त्याला बघायला लोकं तिकीट काढून आली पाहिजेत.

म्हणून रिंगवाल्याला नुसतं "खोटं" म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. रिंगच्या कापडाखाली पातळ फोम, त्याखाली लाकडी फळ्या, त्याखाली लोखंड, आणि त्याच्यावर पाठीवर पडायचं. हनुवटी छातीला चिकटवायची म्हणजे डोकं आपटत नाही, हात पसरून फळीवर मारायचे म्हणजे धक्का वाटला जातो. गंमत बघा, आपला वस्ताद पोराला पहिल्या दिवसापासून सांगतो पाठ लावू द्यायची नाही, आणि तिथं शिकवणीच पाठीवर पडण्यापासून सुरू होते. समोरचा तुम्हाला उचलतो तेव्हा तुमची मान त्याच्या हातात असते, तो दुश्मन नसतोच, पार्टनर असतो.

पुढचं करिअर पण वेगळं. इंडीवाल्याचं स्वप्न टीव्हीचा करार, डब्ल्यूडब्ल्यूईचे स्टार झालेले सीएम पंक आणि ब्रायन डॅनियलसन दोघं अशाच छोट्या हॉलमधून वर गेले. आपल्याकडे मातीतून वर जायचा रस्ता महाराष्ट्र केसरी आणि मग नोकरी. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी 2014, 2015, 2016 अशी सलग तीनदा गदा मारली आणि पोलिसात डीवायएसपी झाले, पण ज्याला गदा नाही तो पैलवान तिशीनंतर गुडघा धरून शेतीवरच येतो, आणि तिकडचा इंडीवाला सोमवारी सकाळी आपल्या दुसऱ्या नोकरीवर, कारण मॅचच्या पैशात घर चालणारे तिकडं पण थोडेच.

तरी कोणाला रिंगमध्येच जायचं असेल तर खलीची अकादमी जालंधरला आहे. तालमीतली ताकद, दम आणि मजबूत झालेली मान तिथं कामाला येईल, समोरच्याला खरोखर चीत करायची सवय मात्र आधी सोडावी लागेल, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कोणाचं तरी हाड मोडायचं.