खेळाचा हिशेब वजनकाट्यावर लागत नाही

‘लेकरू दिवसभर उंडारते, म्हणून अंगाला लागत नाही.’ यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत हे बोलणे जुनेच आहे. अलीकडे त्याला जोड आली आहे, ‘मोबाईल घेऊन बसते, म्हणून सुटले.’ दोन्हींच्या मुळाशी समज एकच: हालचाल वाढली की वजन उतरते, हालचाल थांबली की वजन चढते. वाढत्या वयाच्या पोरांना हा हिशेब फारसा लागू पडत नाही.

साधे गणित करू. 30 किलोचे पोर 2 किलोमीटर चालत शाळेत गेले, तर बसून राहण्यापेक्षा जास्तीच्या 35-40 किलोकॅलरी खर्च होतात. किराणा दुकानाच्या दारात लटकलेल्या चिप्सच्या पुड्यांत 10 ग्रॅममागे 50 किलोकॅलरी सहज असतात. पुडी फोडून शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत चालण्याची कमाई संपलेली असते.

यापेक्षा चक्रावणारी गोष्ट इक्वेडोरमधल्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलात सापडली. तिथल्या शुआर जमातीच्या 5 ते 12 वर्षांच्या मुलांचा ऊर्जाखर्च संशोधकांनी मोजला आणि 2019 मध्ये प्रसिद्ध केला. मोजण्याची रीत मोठी हुशारीची आहे. मुलाला जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेले थोडे पाणी पाजतात आणि पुढे काही दिवस लघवी तपासतात. हायड्रोजन शरीराबाहेर जातो तो फक्त पाण्यावाटे. ऑक्सिजन पाण्यावाटे जातो आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांच्या घटण्यातल्या फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला ते कळते, आणि त्यावरून किती ऊर्जा जळली तेही. शुआर मुले अमेरिका-ब्रिटनमधल्या मुलांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त हालचाल करत होती. दिवसभराचा एकूण ऊर्जाखर्च मात्र सारखाच निघाला.

कापूस विकून आलेला पैसा ठरलेला असतो. घरात लग्न निघाले की भिंतीचे प्लास्टर पुढच्या वर्षावर जाते. शरीराचेही बरेचसे असेच चालते. वाढ, रोगांशी लढाई, हालचाल ही सगळी खाती एकाच पैशातून भागवायची असतात. वारंवार ताप, जुलाब, जंत होणाऱ्या मुलात प्रतिकारशक्तीचे खाते फुगते आणि उंचीच्या वाट्याला कमी येते. विदर्भातल्या खुज्या राहिलेल्या पोरांचा दोष त्यांच्या खेळण्यावर टाकणे म्हणूनच अन्यायाचे आहे. खाणे कमी पडले तर खेळ हीच पहिली काटछाट असते. मलूल होऊन कोपऱ्यात बसलेले दोन वर्षांचे मूल ‘शहाणे’ नसते, बहुधा उपाशी असते. त्याला आधी जेवण हवे.

सुटलेल्या पोराचे काय? इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात सुमारे 200 मुलांना 7 ते 10 या वयात दरवर्षी तपासले. ज्यांच्या अंगावर चरबी जास्त होती, त्यांची हालचाल पुढे घटत गेली. आधी हालचाल कमी आणि म्हणून नंतर चरबी वाढली, असे मात्र दिसले नाही. एका शहरातल्या एका पाहणीवरून कायदा करायचा नसतो. तरी ‘आळशी म्हणून जाडा’ असे पोराला तोंडावर म्हणणाऱ्या मोठ्यांनी थोडे थांबावे, इतका दम तिच्यात आहे.

मग खेळायचे कशाला? कारण काटा किलो सांगतो, त्या किलोत स्नायू किती आणि चरबी किती हे सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने आसपासच्या खेड्यांतली नवजात बाळे तपासली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे हडकुळी होती, पण त्या मानाने त्यांची चरबी फारशी घटलेली नव्हती. घटले होते ते स्नायू. मधुमेहाची पायवाट इथूनच निघते. पळताना, चढताना आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न बघता उचलतो. बारीक पोरालाही हा फायदा तेवढाच होतो.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 36.1 टक्के मुले कमी वजनाची होती, जास्त वजनाची 4.1 टक्के. त्यामुळे खेड्यात खेळ हा चैनीचा विषय वाटतो. पण जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे ती 5 ते 17 वयाच्या सगळ्यांसाठी, रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल. वावरात कापूस वेचणे त्यात धरू नये. वाकून तासन्‌तास केलेल्या त्या कामात धावणे नाही, उडी नाही, शिवाय शाळा बुडते. लंगडी, विटीदांडू, डाबडुबली यांत ते सगळे आहे. उन्हाळ्यात पारा 45 कडे सरकला की सकाळी नऊच्या आत आणि दिवस कलल्यावरच खेळू द्यावे.

मला जास्त काळजी मुलींची वाटते. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने आणि सायकलींनी त्यांची शाळा टिकवली, हे मोठे काम झाले. बसने चालणे वाचले, त्याच सुमारास पाळी येते, ‘आता मोठी झालीस’ म्हणून मैदानही बंद होते. आणि हाडे भरण्याचा वेग मुलींमध्ये साडेबारा वर्षांच्या आसपास सगळ्यात जास्त असतो. प्रौढ वयातल्या हाडांतल्या खनिजांचा जवळजवळ चौथा हिस्सा त्या वयाच्या आगेमागच्या मिळून दोन वर्षांत जमा होतो, आणि उड्या मारणाऱ्या, धावणाऱ्या पोरींच्या हाडांत तो जास्त जमतो. सातवी-आठवीच्या वेळापत्रकातला खेळाचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळांनी निदान हे गणित तरी मांडून पाहावे.