दुधी काच संगणकाला कशी सांगायची?

मोबाइलचा टॉर्च लावून त्याच्यापुढे साधी काच धरा. भिंतीवरचा ठिपका होता तसाच राहतो. आता दुधी काच, भिंतीपासून हातभर लांब. ठिपका विरघळतो आणि काचच उजळते. उजेड गेला कुठे? सगळीकडे थोडाथोडा. हे ‘थोडाथोडा’ संगणकाला कळत नाही. त्याला आकडे लागतात.

बांधायच्या आधीच इमारतीत उजेड कसा पडेल ते दाखवणारं ‘रेडियन्स’ हे सॉफ्टवेअर ग्रेग वॉर्ड यांनी १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत लिहायला घेतलं. त्यात पदार्थ म्हणजे फाइलमधल्या चार-पाच ओळी. रंगवलेल्या भिंतीलाही तिथे ‘प्लास्टिक’च म्हणतात. नाव विचित्र, पण कारण आहे: ऑइलपेंट काय किंवा प्लास्टिकची बादली काय, त्यावरची चकाकी दिव्याच्याच रंगाची असते. पितळेवर ती पिवळी पडते, म्हणून धातूंचा प्रकार वेगळा. प्रकारापुढे पाच आकडे: लाल, हिरवा, निळा प्रकाश किती परततो, चकाकी किती, खडबडीतपणा किती.

दुधी काचेला आणखी दोन आकडे लागतात. किती उजेड आरपार जातो, आणि त्यातला किती न विखुरता जातो. हा शेवटचा आकडा शून्य ठेवला तर पलीकडे नुसता पांढरा उजेड. वाढवत नेला की माणसाची आकृती दिसू लागते. बाथरूमच्या खिडकीला तो जपूनच भरावा!

स्टीलचं ताट याहून नाठाळ. गोलगोल घासल्यामुळे त्यावर बारीक वर्तुळाकार चरे पडतात आणि दिव्याचं प्रतिबिंब चऱ्यांना आडवं, मधोमध पंख्यासारखं पसरतं. इथे खडबडीतपणाचे दोन आकडे लागतात, चऱ्यांच्या दिशेने एक आणि आडवा दुसरा. झडपांचे पडदे वगैरे तर सूत्रात बसतच नाहीत. त्यांच्यासाठी येणाऱ्या १४५ आणि जाणाऱ्या १४५ दिशांचा तक्ता वापरतात: २१,०२५ आकडे.

फसगत मात्र होते साध्या पांढऱ्या भिंतीत. ‘पांढराच तर आहे’ म्हणून प्रकाश किती परततो त्या जागी ०.८ऐवजी (म्हणजे शंभरातला ऐंशी भाग) सरळ ०.९ भरलं जातं. चारी बाजूंनी बंद, एकाच रंगाच्या जागेत उजेड भिंतींवर आपटत राहतो. सगळ्या फेऱ्यांची बेरीज ०.८ला मूळ उजेडाच्या ५ पट होते, ०.९ला १० पट. खऱ्या खोलीत खिडक्या, कपाटं, काळपट फरशी असते, त्यामुळे फरक एवढा पडत नाही. पण पडतो, आणि पडद्यावरची खोली खऱ्या खोलीपेक्षा उजळ दिसते.