आधी फर्डं इंग्रजी, मग बायोकेमिस्ट्री?

"फर्डं इंग्रजी आल्याशिवाय सेमिनारला उभं राहू नये" हा सल्ला विद्यापीठात वर्षानुवर्षं फिरतोय. तो ऐकू नका.

मुळात या विषयातली इंग्रजीची मिरासदारीच अलीकडची. एन्झाइमच्या (पेशीतल्या रासायनिक क्रिया जलद करणाऱ्या प्रथिनाच्या) वेगाचं मायकेलिस-मेंटेन समीकरण १९१३ साली छापून आलं ते जर्मनमध्ये, आणि त्याच्या सहलेखिका मॉड मेंटेन तर कॅनडाच्या! जर्मन बायोकेमिस्ट हान्स क्रेब्स यांनी युरिया चक्र १९३२ मध्ये जर्मनमध्येच मांडलं; पुढच्या वर्षी ते इंग्लंडला गेले आणि सायट्रिक ॲसिड चक्राचा १९३७चा निबंध इंग्रजीत लिहिला.

बोलताना गाडी अडते ती बहुधा व्याकरणापाशी नाही, आलेखापाशी. पडद्यावर, समजा, एन्झाइमच्या वेगाचा वक्र येतो आणि आपण थेट निष्कर्षावर उडी मारतो. आधी अक्ष सांगा: आडव्यावर सबस्ट्रेटची (एन्झाइम ज्यावर काम करतं त्या पदार्थाची) संहती, म्हणजे द्रावणातलं प्रमाण, उभ्यावर सुरुवातीचा वेग. मग वक्र कुठे सपाट होतो ते दाखवा. कमाल वेगाच्या निम्मा वेग ज्या संहतीला मिळतो, ती 'केएम'. चार छोटी वाक्यं, तीही साध्या वर्तमानकाळात. प्रयोगात आपण काय केलं, ते मात्र भूतकाळात.

क्रियापदं जपून वापरा. रेणू वेगवेगळे करणाऱ्या एका जेलवरच्या एका पट्टीने काही 'प्रूव्ह' होत नाही, फार तर 'सजेस्ट' होतं. अस्खलित बोलणारेही इथेच पकडले जातात.

राहिली प्रश्नोत्तरं. प्रश्न कळला नाही तर 'डू यू मीन...' म्हणून तो आपल्या शब्दांत परत विचारावा. उगाच मान डोलावून भलतंच उत्तर देण्यापेक्षा ते केव्हाही बरं.