आंबट फोडींचा मुलूख: खानदेशातल्या वाळवलेल्या आंब्याची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याच्या सुकामेव्याच्या दुकानांत मनुका-अंजिरांच्या शेजारी आता वाळवलेल्या आंब्याची पाकिटं सर्रास दिसतात. फोडी केशरी, लवचीक आणि गोड. मुलांच्या डब्यात, प्रवासाच्या पिशवीत, संध्याकाळच्या चहासोबत त्यांनी जागा मिळवली आहे. त्याच बाजारात किराणा दुकानाच्या पोत्यात आमचूर असतो, म्हणजे वाळवलेल्या कैरीच्या न दळलेल्या फोडी. त्या फोडी भुरकट, कडक, वाकड्यातिकड्या आणि जिभेला झिणझिण्या आणणाऱ्या. दोन्ही आंब्याच्याच, पण त्या इथवर आल्या वेगवेगळ्या वाटांनी. खानदेशाची स्वतःची वाट आंबटाची आहे, आणि ती कशी पडली हे कळलं की पाकीट निवडतानाही हात योग्य जागी जातो.

सुरुवात झाडापासून करावी लागते. कलमं येण्याआधी खानदेशात आंबा म्हणजे कोयीपासून उगवलेला गावरान आंबा. कोयीचं झाड आईसारखं निघेलच याची खात्री नसते, म्हणून बांधावरच्या प्रत्येक झाडाची चव वेगळी आणि बहुतेकांना स्वतःचं नाव. शेपूच्या वासाचा शेप्या, खोबऱ्यासारखा लागणारा खोबऱ्या, लालसर शेंदऱ्या. हे आंबे रसाळ आणि धाग्याचे. पिकले की ते चोखायचे किंवा त्यांचा रस काढायचा. सुरी लावली तर फोड हातात धरत नाही, नुसता रस ओघळतो. कापून वाळवता येण्याइतका घट्ट गर या आंब्यात एकाच अवस्थेत मिळतो, तो म्हणजे कैरीत. त्यामुळे इथे फोडी वाळल्या त्या कैरीच्या. पिकलेल्या आंब्याचा रस ताटात थापून आंबापोळीही घरोघरी झाली, पण हौसेपुरती. कोकणात आंबापोळीला आणि साठांना जे महत्त्व आलं, ते इथे आमचुराच्या वाट्याला आलं.

दुसरं कारण वाऱ्याचं. एप्रिल-मेमध्ये वादळ सुटलं की झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडतो. हे नुकसान वाया न घालवण्याची रीत जुनी आहे. चौदाव्या शतकात भारतात आलेल्या इब्न बतूतानेही इथले लोक पिकण्याआधी गळून पडलेले आंबे गोळा करून मिठात मुरवतात असं लिहून ठेवलंय. मीठ लावा किंवा उन्हात घाला, मुद्दा एकच: गळालेली कैरी टिकवायची.

आणि ऊन तर आमच्याकडे हवं तेवढं. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४४-४५ अंशांना पोचतो, हवा कोरडी ठणठणीत असते. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घरांवर बिबड्या (ज्वारीचे पापड), नागलीचे पापड, कुरडया, शेवया यांच्या जोडीला कैरीच्या फोडी पसरल्या की दोन-तीन दिवसांत कडक. कोकणातल्या दमट हवेत याच कामाला जास्त दिवस आणि जास्त राखण लागते. खानदेशी बायकांनी उन्हाळ्याचा छळ स्वयंपाकघरासाठी वापरून घेतला, आणि वर्षभराच्या वरणाला, आमटीला, भाजीला आंबटपणा पुरवला. याबद्दल त्यांचं जेवढं कौतुक व्हायला हवं तेवढं कधी झालं नाही.

आखाजीचाही यात वाटा आहे. अक्षय तृतीयेला पितरांची घागर भरायची, तिच्यावर डांगर (खरबूज) आणि आंबा ठेवायचा, आगारी टाकायची, म्हणजे पितरांसाठी विस्तवावर घास द्यायचा, आणि मग आमरस-पुरणपोळीचं जेवण. बऱ्याच घरांत त्याआधी पिकलेला आंबा तोंडात घालत नाहीत. म्हणजे आखाजीपर्यंतचा काळ कैरीचा: पन्हं, लोणचं, गुळांबा आणि वाळवण. उलट टोकाला मृग. पहिला पाऊस झाला की आंब्यात अळी पडते आणि वाळवणाला ऊनही उरत नाही. या दोन टोकांमध्ये सगळं आटपायचं.

आमचूर सपाट मुलखात घरच्या बरणीपुरता राहिला, पण सातपुड्यात तो रोजीरोटी झाला. नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा निघाला. त्यातला अक्राणी तालुका, म्हणजे धडगावचा डोंगराळ भाग, आणि अक्कलकुव्यातला मोलगीचा परिसर हे आमचुराचं खरं माहेर. इथे भिल्ल आणि पावरा घरांच्या अंगणात, शेताच्या बांधावर आंब्याची जुनी झाडं आहेत. रस्ते अवघड, बाजार लांब. पिकलेला आंबा डोंगर उतरून नेईपर्यंत नासणार. कैरी सोलून वाळवली की वजन एवढंसं राहतं, महिनोन्‌महिने टिकते आणि आठवडे बाजारात तिचे रोख पैसे होतात. खरिपाच्या तोंडावर हातात येणारा हा पैसा किती मोलाचा, हे शेतीच्या घरात वाढलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

काम मात्र चिवट आहे. कैरी झाडावरून उतरवायची, एकेक सोलायची, कोयीभोवतीच्या फोडी काढायच्या आणि स्वच्छ खडकावर किंवा कापडावर सुट्या पसरायच्या. देठाचा चीक हातावर उतरला की कातडी भाजते, डाग आठवडाभर जात नाहीत. पाती साध्या लोखंडाची असेल तर फोड काळी पडते, कारण कैरीतला तुरटपणा आणि लोखंड एकमेकांना लागतात. स्टीलची सुरी तो डाग टाळते. सोललेल्या, पांढुरक्या मालाला भाव जास्त. सालासकटच्या किंवा काळवंडलेल्या मालाला कमी. मध्येच अवकाळी पावसाची एक सर आली तरी पसरलेला सगळा माल काळा पडतो आणि मेहनत अर्ध्या किमतीची होते. पुढे हाच माल दळून चाट मसाल्यात जातो. पाणीपुरी खाणाऱ्याला सातपुडा आठवत नाही, आठवायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आता गोड फोडीकडे. ती कापता येईल असा घट्ट, कमी धाग्याचा पिकलेला आंबा मागते, आणि तो मिळतो कलमातून. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात आंब्याच्या कलमांना मोठी चालना दिली आणि हापूससारख्या जाती पक्क्या झाल्या. आपल्याकडच्या बागांत रुळलेला केशर सौराष्ट्रातला. जुनागढच्या नवाबांनी १९३४ साली त्याला हे नाव दिलं असं सांगतात. दक्षिणेतला तोतापुरी कारखान्यांचा लाडका, कारण गर भरपूर आणि चिवट. जगाच्या बाजारात वाळवलेल्या आंब्याला नाव मिळवून दिलं ते फिलिपिन्समधल्या सेबू बेटाने, तिथल्या काराबाओ जातीच्या जोरावर. पद्धत सोपी आहे: फोडी साखरेच्या पाकात ठेवायच्या, पाक फोडीतलं पाणी ओढतो आणि साखर आत शिरते, मग साधारण ५५ ते ६० अंशांच्या गरम हवेत वाळवायच्या. जळगावला वाळवण्याचं यंत्रतंत्र नवीन नाही. जैन इरिगेशनने इथे कांदा निर्जलीकरणाचा आणि फळांच्या गराचा मोठा उद्योग उभा केला. तरीही गोड फोड आपल्या पाटीत आली ती पाकिटातून, आजीच्या धाब्यावरून नाही.

ही पार्श्वभूमी निवडीत अशी उपयोगी पडते. आंब्याच्या गरात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. काहीही न मिसळता एक किलो सुकी फोड करायला पाचेक किलो गर लागतो, म्हणजे ३० ग्रॅमची मूठ ही जवळपास एका मध्यम आंब्याची. पाकातल्या फोडीत आंबा त्याहून कमी आणि साखर जास्त. म्हणून पाकिटाच्या मागे घटक वाचा. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर पहिल्या जागी असेल तर ती मिठाई समजून खावी. ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेल्या फोडीतही फळाची स्वतःची साखर एकवटलेली असते, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी दोन-तीन फोडींवर थांबावं.

रंग पाहताना आपला आमचूर डोळ्यासमोर ठेवा. आंब्याची फोड नुसती वाळवली की थोडी तपकिरी पडतेच. महिने उलटूनही लख्ख पिवळी असेल तर बहुधा सल्फाइट, म्हणजे रंग टिकवणारं रसायन, वापरलेलं आहे. पाकिटावर ते आयएनएस (खाण्यात मिसळायच्या पदार्थांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) २२० किंवा २२३ या क्रमांकाने दिसतं. ठरलेल्या मर्यादेत त्याला परवानगी आहे, पण दम्याच्या काही रुग्णांना ते त्रास देतं. १०२ आणि ११० हे आकडे कृत्रिम रंगांचे, त्यांची आंब्याला काहीच गरज नाही.

आणि रोजच्या तोंडचाळ्यासाठी माझं मत आंबट फोडीच्या बाजूने आहे. आमचुराची सोललेली, स्वच्छ फोड घ्या, तिला काळं मीठ आणि किंचित तिखट चोळा, आणि चघळत राहा. एक फोड बराच वेळ पुरते, गोड फोडीसारखं पाकीट नकळत संपत नाही. दात आंबतात, म्हणून नंतर चूळ भरावी. विकत घेताना फोड मोडून पाहा: कट्‌कन तुटली तर नीट वाळलेली, वाकली तर दमट आणि पावसाळ्यात बुरशी धरणारी. आतली बाजू भुरकट-पांढरी हवी, काळे ठिपके आणि जाळी नको, नाकाशी धरल्यावर कुबट वास यायला नको. मे अखेरीपर्यंत वर्षाचा साठा घ्यावा, घरी आणून आणखी एक कडक ऊन दाखवावं आणि मृगाच्या आत घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावा. धडगाव-मोलगीकडे कुणी जाणार असेल तर तिथल्या बाजारातून मागवावा. माल ताजा मिळतो आणि पैसा सोलणाऱ्या हातांच्या जवळ राहतो.