आरशाची पाठ

संग्रहालयात चिनी कांस्य आरसे बहुधा पालथे मांडतात. योग्यच आहे. चेहरा बघायची बाजू गंजून कधीच आंधळी झालेली असते. गोष्टी सगळ्या पाठीवर.

हान काळातला (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) तळहाताएवढा आरसा घ्या. मधोमध दोरी ओवायची गुंडी, तिच्याभोवती चौकोन. चौकोन म्हणजे पृथ्वी, बाहेरचं वर्तुळ म्हणजे आकाश. मधल्या जागेत चार दिशांचे राखणदार: पूर्वेला निळा ड्रॅगन, पश्चिमेला पांढरा वाघ, दक्षिणेला शेंदरी पक्षी, उत्तरेला सापाचा विळखा पडलेलं कासव. रंग अर्थात समजून घ्यायचे.

काही आरशांवर पश्चिमेची राणीमाता शी वांगमू बसलेली असते. अमरत्वाचं औषध तिच्याकडे, आणि ते कुटायचं काम सशाकडे! तांग काळात (618 ते 907) हा ससा चंद्रावर, झाडाखाली कुटत बसलेला दिसतो. शेजारी बेडूक, आणि त्या झाडाच्या बुंध्याचा फुगवटा हीच आरशाची गुंडी. चंद्राला शशांक म्हणणाऱ्यांना ससा ओळखीचा. खलबत्ता मात्र चिन्यांचा.

काठावर कधी जाहिरातही असते. ‘शांगफांग’, म्हणजे दरबारी कारखाना, सांगतो: आमचं कसब मोठं, यावरच्या सिद्धांना म्हातारपण ठाऊक नाही, तहान लागली की ते जेडच्या झऱ्याचं पाणी पितात, भूक लागली की बोरं खातात.

या मिश्रधातूत तांब्यासोबत कथील जवळजवळ पाव हिस्सा आणि थोडं शिसं. त्यामुळे घासल्यावर चांदीसारखी झळाळी येते, पण आरसा पडला तर काचेसारखा फुटतो.

काही मोजके आरसे तर पाठीवरचं पोटात ठेवत नाहीत. समोरच्या गुळगुळीत बाजूवर ऊन घेऊन ते भिंतीवर पाडलं, की कवडशात मागची नक्षी उमटते. अकराव्या शतकात चिनी विद्वान शेन क्वोनं याचा विचार केला: ओतल्यावर पातळ भाग आधी निवतो, जाड मागाहून आणि जास्त आकसतो, म्हणून समोर न दिसणाऱ्या खुणा राहतात. आजच्या अभ्यासकांचा भर घासण्यावर आहे. दाबाखाली पातळ भाग लवतो, दाब गेला की किंचित फुगून राहतो. तिथला प्रकाश पांगतो. जाड नक्षीवरचा तेवढा पांगत नाही, म्हणून ती उजळ दिसते. हा चढउतार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

शांघाय संग्रहालयात असा एक हान आरसा आहे. त्याच्या पाठीवर लिहिलंय: ‘सूर्यप्रकाश दिसताच जगभर लख्ख उजेड.’ उन्हात धरला की हीच अक्षरं भिंतीवर येतात.